‘जेरमाया जॉन्सन’: बर्फ, ठासणीची बंदूक आणि कमी बोलणारा माणूस

नवखा माणूस मोठ्या मेहनतीने बर्फात विस्तव पेटवतो. जाळ जरा वर चढतो, उष्णतेने वरच्या फांदीवरचा बर्फ सैल होतो, धप्पकन खाली येतो आणि विस्तव विझतो. माणूस काही बोलत नाही. सिडनी पोलॅक यांच्या १९७२ सालच्या ‘जेरमाया जॉन्सन’चा पहिला अर्धा तास असाच आहे, आणि या सिनेमावर जीव टाकणारे प्रेक्षक आणि कंटाळून उठणारे प्रेक्षक इथेच वेगळे होतात. कंटाळणारे म्हणतात, काही घडतच नाही. माझ्या मते या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त घडतं. ते पाहायचं असेल तर चेहऱ्याकडे कमी आणि हातांकडे जास्त बघावं लागतं.

कथा थोडक्यात अशी. मेक्सिकोविरुद्धच्या युद्धातून परतलेला जेरमाया जॉन्सन (रॉबर्ट रेडफर्ड) माणसांना पाठ दाखवून रॉकी पर्वतात शिरतो. त्याला सापळे लावून, शिकार करून राहायचं आहे. पण हे काम त्याला येत नाही. ओढ्यात उभा राहून तो हातांनी मासे पकडायला बघतो आणि तेवढ्यात समोर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी क्रो जमातीचा योद्धा ‘पेंट्स हिज शर्ट रेड’ घोड्यावर बसून त्याची फजिती बघत असतो. त्याच्याकडे मासे आहेत, जॉन्सनकडे नाहीत. दोघांच्या पुढच्या सगळ्या नात्याची मांडणी इथे झालेली असते आणि त्यासाठी संवादाची गरज लागत नाही.

मग बेअर क्लॉ हा म्हातारा शिकारी (विल गीअर) त्याला हाताशी धरतो. प्रेक्षकांच्या सर्वाधिक आवडीची दृश्यं याच भागातली आहेत आणि त्यामागे कारण आहे: ती गंमतीची आहेतच, पण कामाची म्हणूनही बरोबर आहेत. निखाऱ्यांवर झोपण्याचं दृश्य घ्या. अंगाच्या लांबीचा चर खणायचा, तळाशी निखारे पसरायचे, वरून मातीचा थर द्यायचा, दाबायचा आणि त्यावर अंथरूण टाकायचं. वीतभराला थोडा कमी थर लागतो. माती ओली असेल तर आधी वाफ निघून जाऊ द्यावी लागते, नाहीतर अंथरूण ओलं होतं आणि पहाटे थंडी दुप्पट वाजते. जॉन्सन माती कमी घालतो आणि रात्री तडफडत उठतो. माती कमी पडली आहे हे म्हाताऱ्याने आधीच पाहिलेलं असतं, पण तो सांगत नाही. चूक सांगून कळत नाही, पाठ भाजल्यावर कळते, ही त्याची शिकवण्याची पद्धत. काही जाणकार प्रेक्षकांचा आक्षेप असा की गोठलेली जमीन इतक्या सहज खणता येत नाही. आक्षेप खरा आहे. आधी त्याच जागी मोठा जाळ करून जमीन सैल करावी लागते, आणि सिनेमात ते दिसत नाही.

एल्क या मोठ्या हरणाची शिकारही तशीच. वारा आपल्या बाजूने आहे, पण झाडांच्या आडून बाहेर पडलं की सावज पळणार. म्हातारा सांगतो, घोड्याच्या पलीकडच्या बाजूने चालत राहा. त्याला आपले पाय दिसले तर, असं जॉन्सन विचारतो. घोड्याला किती पाय असतात हे एल्कला ठाऊक नसतं, असं उत्तर मिळतं. यावर हसू येतंच, पण चरणाऱ्या जनावराच्या आडून सावजाजवळ जाणं ही शिकाऱ्यांची जुनी आणि खरी युक्ती आहे. दोन पायांवर उभी आकृती हरणवर्गातल्या प्राण्याला लगेच खटकते, चार पायांची खटकत नाही. अट एकच, वारा सावजाकडून आपल्याकडे यायला हवा. म्हणून दृश्याची सुरुवात वाऱ्याच्या उल्लेखाने होते. लेखकांनी (जॉन मिलियस आणि एडवर्ड अ‍ॅन्हॉल्ट) असे तपशील सजावट म्हणून ठेवलेले नाहीत, त्यांचा क्रम कामाचा आहे.

बंदुकीबद्दलचा वाद मात्र कधीच मिटत नाही. सुरुवातीलाच निवेदक सांगतो की जॉन्सनला ०.५० कॅलिबरची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची, हॉकेन बंदूक हवी होती, पण त्याने ०.३० वर समाधान मानलं, कारण ती अस्सल हॉकेन होती. ठासणीच्या बंदुका वापरणाऱ्यांना हे वाक्य टोचतं. सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकेन या भावांचं नाव झालं ते मोठ्या जनावरांसाठी बनवलेल्या, साडेचार-पाच किलो वजनाच्या, जाड नळीच्या बंदुकांमुळे. त्यांची नेहमीची मापं ०.५० आणि ०.५४ च्या आसपासची. शिशाचा गोल छर्रा ०.३० इंचाचा असेल तर त्याचं वजन जेमतेम अडीच ग्रॅम भरतं, ०.५० चा बारा ग्रॅमच्या आसपास जातो. पहिल्याने खार मरेल, ससा मरेल. ग्रिझली अस्वलाला तो फक्त चिडवेल.

तरी मला ही चूक वाटत नाही. पुढे जॉन्सनला झाडाला टेकून गोठून मेलेला हॅचेट जॅक सापडतो. त्याच्या हातांत मोठ्या मापाची हॉकेन असते आणि सोबत मृत्युपत्राचा कागद: ज्याला सापडेल त्याने ही घ्यावी, मला मारणाऱ्या अस्वलाला हिनेच मारलं आहे. पहिली बंदूक जॉन्सनने नाव पाहून विकत घेतली, दुसरी त्याला या डोंगरात मेलेल्या माणसाकडून वारशाने मिळाली. हा फरक दाखवण्यासाठी पहिलं माप मुद्दाम अपुरं ठेवलं आहे, असं मी मानतो. ०.४० म्हटलं असतं तर खटकलं नसतं, हेही मान्य करावं लागेल.

ठासणीची बंदूक कशी चालते हे माहीत असेल तर सिनेमाचा उत्तरार्ध वेगळाच दिसतो. शिंगातून मापाने दारू काढून नळीत ओतायची, तेल किंवा चरबी लावलेला कापडाचा तुकडा तोंडावर ठेवायचा, त्यावर गोळी, मग गजाने दारूपर्यंत ठासायची आणि शेवटी केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी धातूची टोपी, बसवायची. सवयीच्या हाताला अर्धा मिनिट. गोळी दारूवर घट्ट बसली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगण्याचा धोका. बर्फात केप किंवा दारू दमट झाली तर नुसता चाप वाजतो. म्हणजे माणसाजवळ एकच बार आहे. तो चुकला की पुढचा अर्धा मिनिट कुऱ्हाड, सुरा किंवा दस्ता. म्हणूनच इथल्या मारामाऱ्या लांबून गोळीबार करणाऱ्या नेहमीच्या वेस्टर्नपटांसारख्या होत नाहीत. त्या अंगाला अंग भिडून, धापा टाकत, बर्फात लोळत होतात.

मधला भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ब्लॅकफूट जमातीच्या हल्ल्यात कुटुंब गेलेली एक बाई (अ‍ॅलिन अ‍ॅन मॅकलेरी) आपला वाचलेला मुलगा जॉन्सनच्या गळ्यात घालते. मुलगा धक्क्याने मुका झालेला आहे, जॉन्सन त्याचं नाव केलेब ठेवतो. मग वाळूत मानेपर्यंत पुरलेला, डोकं तुळतुळीत केलेला डेल ग्यू (स्टेफन गिराश) भेटतो. त्याने ब्लॅकफूट लोकांना मारून काढलेल्या टाळूच्या कातड्या जॉन्सनच्या माथी येतात, आणि वाटेत फ्लॅटहेड जमातीचे लोक गाठतात. फ्लॅटहेडांचं ब्लॅकफूटांशी वैर, त्यामुळे जॉन्सन एकदम वीर ठरतो. तो घोडे आणि कातड्या प्रमुखाला भेट देतो, आणि इथे त्याची गाडी अडते. एवढ्या मोठ्या भेटीला त्याहून मोठी परतभेट दिली नाही तर प्रमुखाची अब्रू जाईल. प्रमुख आपली मुलगी स्वॉन (डेल बोल्टन) देतो. नाकारणं म्हणजे अपमान.

सिनेमातले फ्लॅटहेड ख्रिस्ती आणि फ्रेंच बोलणारे कसे, असं बरेच नवे प्रेक्षक विचारतात आणि ही पटकथेची सोय असावी असं धरून चालतात. तसं नाही. त्या भागात फ्रेंच-कॅनडियन शिकाऱ्यांची ये-जा आधीपासून होती, आणि जेझुइट पाद्री द स्मेट यांनी १८४१ साली बिटररूट खोऱ्यात फ्लॅटहेडांमध्ये सेंट मेरीज मिशन सुरू केलं होतं. काळ जुळतो.

तर एक न बोलणारा मुलगा, वेगळी भाषा बोलणारी बायको आणि मुळातच कमी बोलणारा नवरा. तिघं मिळून ओंडक्यांचं घर उभारतात. लाकूड तोडणं, खाच पाडणं, एकावर एक चढवणं. दाढी बायकोच्या गालाला टोचते हे लक्षात आल्यावर जॉन्सन दाढी काढतो. एकमेकांना न विचारता संसार जमतो. काही प्रेक्षकांची तक्रार आहे की स्वॉनला व्यक्तिमत्त्व दिलेलं नाही, ती फक्त गमावण्यासाठी आणलेली आहे. या तक्रारीत तथ्य आहे. तिला हवं-नको काय, हे सिनेमा विचारत नाही. लग्नाच्या वेळीही तिच्याकडे क्षणभरच बघतो. बोल्टनने भाषेविना जे उभं केलं आहे ते तिचं स्वतःचं आहे, पटकथेने तिला दिलेलं नाही.

मग घोडदळाची तुकडी येते. बर्फात अडकलेल्या गाड्यांच्या तांड्यापर्यंत वाट दाखव, ही मागणी. जवळची वाट क्रो लोकांच्या दफनभूमीतून जाते. जॉन्सनला ठाऊक आहे की तिथून जायचं नसतं, तो तसं सांगतोही, आणि तरी भुकेल्या माणसांच्या नावाखाली मान तुकवतो. उंच मचाणांवर ठेवलेल्या सांगाड्यांमधून घोडे जातात तेव्हाचा सन्नाटा कुठल्याही लढाईपेक्षा भीतीदायक आहे. परतताना तो एकटाच त्याच वाटेने येतो आणि एका ठिकाणी त्याला स्वॉनचे निळे मणी दिसतात. पुढे काय झालं असेल ते त्याला आणि आपल्याला एकाच क्षणी कळतं.

हातांकडे बघायला मी सांगितलं ते या वळणासाठी. तोवर डोंगराने शिकवलेली प्रत्येक गोष्ट त्याला आली आहे: विस्तव, शिकार, घर, भेटीचे नियम. घात होतो तो न येणाऱ्या गोष्टीमुळे नाही, पूर्णपणे येणारी गोष्ट त्याने बाजूला ठेवल्यामुळे होतो. घरात स्वॉन आणि केलेब यांच्या प्रेतांपाशी बसून राहणारा, मग घराला आग लावणारा रेडफर्ड इथे काहीही करत नाही, आणि ते बघवत नाही. ‘चेहरा फार देखणा आहे, डोंगरातला वाटत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा.

उत्तरार्धात जॉन्सन कुटुंब मारणाऱ्या क्रोंवर सूड उगवतो आणि मग क्रो त्याच्यावर एकेकटा योद्धा पाठवत राहतात. हा भाग तुकड्यातुकड्यांचा आहे. थॉमस स्टॅनफर्ड यांचं संकलन मारामाऱ्या एकमेकांत मिसळून टाकतं, दिवस आणि ऋतू हरवतात, आणि बेअर क्लॉ व जॉन्सन पुन्हा भेटतात तेव्हा महिना कोणता हेही दोघांना नक्की सांगता येत नाही. ज्यांना सूडकथा हवी असते ते इथे निराश होतात, कारण सुडाचं समाधान मिळत नाही. नुसता थकवा साचत जातो. मला हे बरोबर वाटतं. माझी तक्रार मध्येमध्ये वाजणाऱ्या कथागीताबद्दल आहे. टिम मॅकइंटायर आणि जॉन रुबिनस्टाइन यांचं संगीत सुरुवातीला छान बसतं, मॅकइंटायरचा आवाजही खडबडीत आणि प्रामाणिक आहे. पण जिथे चित्र पुरेसं बोलतं आहे तिथेही गाणं येऊन अर्थ सांगतं. दोन-तीन ठिकाणी ते गाळलं असतं तर बरं झालं असतं.

इतिहास म्हणून हा सिनेमा बघू नये. जॉन्सनमागचा खरा माणूस म्हणजे जॉन जॉन्स्टन, ‘लिव्हर-ईटिंग जॉन्सन’. शत्रूचं काळीज नव्हे, यकृत खातो अशी त्याची ख्याती. त्याच्या दंतकथेवर आणि एका कादंबरीवर पटकथा बेतली आहे. यकृताचा भाग सिनेमाने पूर्ण गाळला. दंतकथेत त्याने शेकडो क्रो मारले. प्रत्यक्षात क्रो जमातीचे गोऱ्यांशी संबंध बहुतेक काळ मैत्रीचे होते आणि १८७६ च्या सू जमातीविरुद्धच्या मोहिमेत क्रो टेहळे अमेरिकी लष्करासोबत होते. शिकाऱ्यांचं खरं हाडवैर होतं ते ब्लॅकफूटांशी. क्रो वंशाच्या प्रेक्षकांना हे चित्र खुपत असेल तर ते रास्त आहे. त्यांच्या मुख्य योद्ध्याची भूमिकाही मेक्सिकोत जन्मलेल्या होआकिन मार्तिनेझ यांनी केली आहे, उत्तम केली आहे, तरी मुद्दा उरतोच.

दुसरा तपशील काळाचा. बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापाराची दरवर्षीची मोठी जत्रा १८२५ ते १८४० एवढीच भरली. मग बीव्हरच्या टोप्यांच्या जागी रेशमी टोप्या आल्या आणि बीव्हरची मागणी बसली. मेक्सिकोचं युद्ध १८४६ ते १८४८. म्हणजे जॉन्सन डोंगरात पोहोचतो तेव्हा तो धंदा संपलेला आहे आणि बेअर क्लॉ, डेल ग्यू हे मागे राहिलेले लोक आहेत. हे ध्यानात ठेवून पाहिलं तर त्यांच्या बडबडीतला एकटेपणा ऐकू येतो. सिनेमा हे कुठेच सांगत नाही, एका वाक्यात सांगायला हरकत नव्हती.

भूगोलही सैल आहे. चित्रण युटामध्ये झालं: टिंपानोगस पर्वताचा परिसर, रेडफर्डची सनडान्सची जमीन, दक्षिणेला सेंट जॉर्जजवळची स्नो कॅन्यन. क्रो आणि फ्लॅटहेड यांचा मुलूख त्याच्या बऱ्याच उत्तरेला, मोंटाना-वायोमिंगकडे. त्यामुळे खोल बर्फातून निघालेला घोडा अचानक तांबड्या वाळूत दिसतो. पण बर्फ खरा आहे, छातीपर्यंत रुतणारे घोडे खरे आहेत, नटांच्या तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. स्टुडिओत हे जमलं नसतं.

पाहताना काही गोष्टी सांभाळा. हा सिनेमा रुंद पॅनाव्हिजनमध्ये घेतलेला आहे आणि छायाचित्रकार ड्यूक कॅलाहन यांच्या चौकटीत माणूस बऱ्याचदा एका कडेला ठिपक्याएवढा असतो. बाजू कापून चौकोनी केलेली जुनी टीव्ही प्रत मिळाली तर सोडून द्या, कथा कळेल पण सिनेमा दिसणार नाही. लांबी ११६ मिनिटं. त्यात सुरुवातीची संगीताची नांदी, मध्यंतर आणि मध्यंतरानंतरचं संगीत धरलेलं आहे. नांदीच्या वेळी पडद्यावर काही घडत नाही म्हणून फाइल अडकली असं समजून पुढे ढकलू नका. मोबाइलवर पाहणं टाळा. दूरच्या कड्यावरची हालचाल हीच बऱ्याच दृश्यांतली बातमी असते. आवाज थोडा वाढवून ठेवा, कारण वारा, बर्फावरची पावलं आणि घोड्याचा श्वास यांनाच संवादाचं काम दिलेलं आहे. जमातींच्या भाषेतल्या बोलण्याला भाषांतर दिसलं नाही तर प्रत सदोष आहे असं नाही, जॉन्सनइतकंच आपल्याला कळावं असा तो बेत आहे. ब्लू-रेवर पोलॅक, रेडफर्ड आणि मिलियस यांचं भाष्य आहे, ते दुसऱ्या वेळी ऐका. मुलांसोबत बघणार असाल तर अमेरिकेत याला ‘पीजी’ (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा) दर्जा आहे एवढ्यावर विसंबू नका. गोठलेलं प्रेत, कापलेलं कुटुंब आणि टाळू काढण्याचे प्रसंग यात आहेत.

दाढीवाला माणूस हळूच मान डोलावतो ते इंटरनेटवरचं चलचित्र पाहून आजकाल पुष्कळ तरुण इथवर येतात. तो दुसराच कुणी नट आहे असा समज पसरलेला आहे; तो रेडफर्डच. या तरुणांनी घाई न करता पहिली चाळीस मिनिटं द्यावीत.

खऱ्या जॉन्स्टनची कथाही सिनेमाने थोडी पुढे नेली. तो १९०० साली लॉस एंजलिसमधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात वारला आणि तिथेच पुरला गेला. सिनेमानंतर कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरच्या सातवीच्या मुलांनी त्याला डोंगरात न्यावं म्हणून खटपट केली. १९७४ मध्ये वायोमिंगमधल्या कोडी इथे त्याला पुन्हा पुरलं, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत रेडफर्ड होता.

राहिला शेवट, ज्यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. दूरवर पेंट्स हिज शर्ट रेड घोड्यावर दिसतो. जॉन्सनचा हात बंदुकीकडे जातो. समोरचा उघडा पंजा वर करतो. जॉन्सन थांबतो, मग तोही हात वर करतो, आणि चित्र तिथेच गोठतं. काहींना हा तह वाटतो, काहींना निरोप, काहींना पुढच्या लढाईआधीचा नमस्कार. उघडा पंजा म्हणजे हातात शस्त्र नाही, हा या मुलखातला जुना संकेत, आणि ओढ्यात मासे न मिळालेल्या जॉन्सनला पहिल्यांदा पाहिलं होतं ते याच माणसाने. मला तो तह वाटतो. बंदुकीकडे गेलेला तो हात वर यायला जेवढा वेळ घेतो, तेवढ्यात रेडफर्डच्या चेहऱ्यावर काय होतं ते एकदा थांबवून बघा.